चपट्या नाकाची किंमत

पग घोरतो आणि घरातले हसतात. कोणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतो, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. असाच आवाज काढत झोपणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन एखादी आई बाह्यरुग्ण विभागात आली, तर कोणताही डॉक्टर तिला हसून परत पाठवणार नाही. रात्री श्वास अडतो का, तोंड उघडे ठेवून झोपतो का, दचकून उठतो का, दिवसा पेंगतो का, हे विचारले जाईल आणि केसपेपरवर कान-नाक-घसा विभागाचे नाव लिहिले जाईल. दोन्हीकडे आवाज सारखाच आणि कारणही बरेचसे सारखेच. हवेची वाट अरुंद झालेली असते. मुलाच्या बाबतीत आपण त्याला आजार म्हणतो, कुत्र्याच्या बाबतीत गंमत.

मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्यक नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटते, याला तीन कारणे आहेत. कुत्रा पाळल्याने माणसाच्या प्रकृतीवर होणारा परिणाम हा आमचा विषय आहे. एकाच वंशातल्या नातलगांचा पिढ्यानपिढ्या संबंध आला की काय होते, हे माणसात आणि कुत्र्यात एकाच नियमाने ठरते. आणि तिसरे म्हणजे, चावलेले, ओरखडलेले लोक शेवटी सरकारी रुग्णालयाच्या इंजेक्शनच्या रांगेतच येतात. गेल्या काही वर्षांत त्या रांगेत ‘घरच्याच’ आणि ‘चांगल्या ब्रीडच्या’ कुत्र्याने चावलेली माणसे दिसणे नवलाचे राहिलेले नाही.

आधी सुखाची बाजू

कुत्रा पाळणे हे श्रीमंती थेर आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मुले पुण्याला किंवा अमेरिकेला, घरात दोघेच किंवा एकटेच, अशी घरे आता प्रत्येक गावात आहेत. अशा घरात सकाळी सहा वाजता पायाशी येऊन शेपटी हलवणारा, फिरायला चला म्हणून हट्ट धरणारा प्राणी म्हणजे मोठे औषध असते. मधुमेहाच्या रुग्णाला ‘रोज चाला’ असे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. तो हो म्हणतो आणि चालत नाही. कुत्रा मात्र त्याला पावसातसुद्धा बाहेर काढतो.

याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. स्वीडनमध्ये ४० ते ८० वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी बारा वर्षे तपासल्या गेल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एकट्या राहणाऱ्या माणसांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. मुळात धडधाकट असलेली माणसेच कुत्रा पाळत असतील, ही शक्यता त्यातून पुरती जात नाही. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवले की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारे हेच संप्रेरक. म्हणजे ‘तो मला समजतो’ हे मालकाचे म्हणणे अगदीच भाबडेपणाचे नाही.

पण यातले एकही सुख पगचे, लॅब्रॅडॉरचे किंवा हस्कीचेच आहे असे नाही. ते कुत्र्याचे आहे. कुत्रा किमान पंधरा हजार वर्षे माणसासोबत आहे. ‘जात’ ही गोष्ट मात्र त्या मानाने कालपरवाची.

जात कशी तयार झाली

शिकारीचा, राखणीचा, मेंढ्या वळवणारा, असे कामाप्रमाणे कुत्र्यांचे प्रकार पूर्वीपासून होते. पण कान किती लांब, नाक किती आखूड, ठिपके किती मोठे हे लिहून ठेवायचे, त्याबरहुकूम कुत्रे निपजवायचे आणि वंशावळीची वही बंद करून बाहेरचे रक्त आत येऊ द्यायचे नाही, ही रीत व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमध्ये रुजली. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये लंडनचा केनेल क्लब स्थापन झाला. कुत्रा काम काय करतो, यापेक्षा तो परीक्षकापुढे कसा दिसतो, याला तिथून महत्त्व आले.

पूर्वीचा पग कसा होता, याचा एक साक्षीदार लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ साली स्वतःचे आणि आपल्या लाडक्या पगचे चित्र काढले. त्या पगला चांगले पुढे आलेले नाक आहे, पायही लांब आहेत. आजचा पग त्याच्या शेजारी उभा केला तर दोघे एकाच जातीचे आहेत, हे सांगावे लागेल. हा बदल निसर्गाने केलेला नाही. ‘अजून थोडे चपटे, अजून थोडे गोल’ अशी निवड माणूस करत गेला आणि त्यातून आजचा चेहरा घडला.

आता वही बंद असली की काय होते ते पाहू. गरोदर बाईचा केसपेपर लिहिताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, ‘लग्न नात्यात झालंय का?’ आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत रूढ आहे, म्हणून हा प्रश्न लागतो. अशा जोडप्याच्या मुलाला आईकडून आणि वडिलांकडून एकाच पूर्वजाची एकच जनुक-प्रत मिळण्याची शक्यता ६.२५ टक्के असते. मामा-भाचीचे लग्न असेल तर १२.५ टक्के. सख्ख्या बहीण-भावाची संतती असती, तर २५ टक्के. २०२१ साली २२७ जातींच्या कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळलेली सरासरी होती सुमारे २५ टक्के. जातिवंत कुत्र्यांमध्ये दोन अनोळखी कुत्र्यांचा संबंधही जनुकांच्या हिशेबाने सख्ख्या भावंडांच्या संबंधाइतका जवळचा ठरतो, असा त्याचा अर्थ. त्याआधी २००८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या वंशावळी तपासल्या होत्या. तिथल्या सुमारे दहा हजार पगमध्ये जनुकांची विविधता जेमतेम ५० कुत्र्यांइतकीच उरली होती.

जे नाते आपण माणसांत पाप मानतो, तेच कुत्र्याच्या बाबतीत ‘शुद्ध रक्त’ म्हणून जास्त दराने विकले जाते.

ठिपकेवाल्या कुत्र्याचे यूरिक अ‍ॅसिड

या शुद्धतेच्या हट्टाची एक गोष्ट आम्हा डॉक्टरांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन सर्वांना माहीत आहे. इतर कुत्र्यांच्या यकृतात यूरिक अ‍ॅसिडचे रूपांतर सहज विरघळणाऱ्या अलँटोइनमध्ये होते, त्यामुळे त्यांना त्याचा त्रास होत नाही. डाल्मेशियनच्या एका जनुकात दोष आहे. त्यामुळे यूरिक अ‍ॅसिड यकृताच्या पेशीत नीट शिरतच नाही आणि लघवीवाटे भरपूर बाहेर पडते. परिणामी मुतखडे होतात. नराची मूत्रनलिका अरुंद, तिथे खडा अडकला की जिवावर बेतते. हेच जनुक माणसातही यूरिक अ‍ॅसिडच्या पातळीशी जोडलेले आहे, त्यामुळे गाऊटचा रुग्ण या कुत्र्याला दूरचा भाऊ म्हणू शकेल.

गंभीर गोष्ट अशी की हा दोष काही डाल्मेशियनांत नव्हता, जवळजवळ सगळ्यांतच होता. म्हणजे जातीच्या आत कितीही चोखंदळपणे जोड्या लावल्या तरी निरोगी जनुक येणार कुठून? १९७३ साली रॉबर्ट शैबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने एकदाच, फक्त एकदाच, डाल्मेशियनचा संबंध पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी घडवला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनांशीच जोडत नेल्या. काही पिढ्यांतच दिसायला शंभर टक्के डाल्मेशियन पण यूरिक अ‍ॅसिड नेहमीच्या कुत्र्यासारखे, अशी पिल्ले जन्मली. प्रश्न सुटला होता. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली, पण जातीच्या अभिमान्यांनी विरोध केला आणि नोंदणी थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडले. तीस वर्षे! उपाय हाताशी असताना, कित्येक पिढ्यांपूर्वीच्या एका पॉइंटर पूर्वजामुळे रक्त ‘बाटले’ म्हणून एवढा काळ गेला. या हट्टाची ओळख आपल्या समाजाला वेगळी करून द्यायला नको.

नाक चपटे होते तेव्हा

भारतात पग घरोघरी पोहोचला तो २००३ च्या सुमारास आलेल्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने. लहान मुलाच्या मागे मागे चालणारा तो गोंडस कुत्रा सर्वांना आवडला. त्याच्यापाठोपाठ आता फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू यांचीही मागणी वाढलेली दिसते. मोठे डोळे, गोल चेहरा, चपटे नाक. तान्ह्या बाळाचाच चेहरा तो! तो पाहून आपल्यातली माया जागी होते, यात आपला दोष नाही. पण त्या चेहऱ्याच्या आत काय घडते, हे तरी माहीत असावे.

कवटीची लांबी कमी झाली, पण आतले मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. तेवढ्याच जागेत तेच टाळू, तीच जीभ, तेवढेच दात कोंबले गेले. नाकपुड्या चिरेसारख्या बारीक. मऊ टाळू लांबून श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. डोळ्यांच्या खोबण्या उथळ, त्यामुळे बुबुळाला सहज जखम होते. नाकावरच्या घडीत ओल राहून त्वचेला संसर्ग होतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्वासमार्गातल्या या अडथळ्याचे प्रमाण पगमध्ये इतर कुत्र्यांच्या सुमारे ५४ पट आढळले. प्रकृतीचा विचार करता पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता. बुलडॉगची तर आणखी वेगळी अडचण. डोके मोठे, ओटीपोट अरुंद. ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांची ८० टक्क्यांहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. जी जात शस्त्रक्रियेच्या टेबलाशिवाय पुढची पिढी जन्माला घालू शकत नाही, ती निसर्गात एक पिढीही टिकली नसती.

आणि आपल्याकडचा उन्हाळा? कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे आणि नाकातल्या ओल्या पडद्यावरून हवा फिरवणे, हीच त्याची थंड होण्याची मुख्य सोय. ज्याचे नाकच काढून घेतले, त्याचा अर्धा कूलर काढून घेतला. नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा अशा कुत्र्याला उष्माघात व्हायला फार चालावे लागत नाही. बंद गाडीत दहा-पंधरा मिनिटेही जीवघेणी ठरू शकतात. सायबेरियातल्या बर्फासाठी दुहेरी केसाळ अंगरखा घालून जन्मलेल्या हस्कीला आपण मराठवाड्यातल्या फ्लॅटमध्ये आणतो, तेव्हा प्रश्न नाकाचा नसला तरी दुःख त्याच जातीचे आहे. एसी चालू आहे असे सांगितले जाते. भारनियमन हस्कीला कोण समजावणार?

लॅब्रॅडॉर ही त्यातल्या त्यात समंजस निवड म्हणावी, तर तिथेही एक गोम आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळले की जवळपास चारपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक आणि तृप्तीशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्याला ‘पोट भरले’ हा निरोपच नीट मिळत नाही. आपण समजतो, बिचारा उपाशी आहे, आणि आणखी एक पोळी टाकतो. वजन वाढते, आधीच नाजूक असलेले खुब्याचे सांधे झिजतात. माझ्या लठ्ठ रुग्णांना मी जे सांगतो, ते या कुत्र्यांच्या मालकांनाही लागू आहे. भुकेचा दोष त्याचा नाही, पण ताटलीचा ताबा घरातल्यांकडेच आहे.

दुसरी बाजूही ऐकावी

इथवर वाचून ‘गावठी तो निरोगी, जातिवंत तो रोगी’ असे सोपे समीकरण मांडायचा मोह होईल. ते तितकेसे खरे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या रुग्णालयात आलेल्या सुमारे २७ हजार कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. २४ आनुवंशिक आजारांपैकी दहा आजार जातिवंतांत अधिक होते, तेरा आजारांत फरक नव्हता आणि एक आजार तर मिश्र कुत्र्यांतच जास्त होता. ब्रिटनमधल्या २०२४ सालच्या मोठ्या पाहणीत जातिवंत आणि मिश्र कुत्र्यांच्या आयुर्मानात फार अंतर नव्हते, किंबहुना जातिवंतच किंचित पुढे होते. पण त्याच पाहणीत चपट्या नाकाचे कुत्रे मागे पडले. त्यांचे सरासरी आयुष्य सुमारे ११.२ वर्षे, तर नेहमीच्या चेहऱ्याच्या कुत्र्यांचे १२.८ वर्षे. म्हणजे जात असणे हाच गुन्हा नाही. शरीराचा आकार ताणत ताणत विकृतीपर्यंत नेणे आणि जवळच्या नात्यात जोड्या लावत राहणे, हा आहे. ज्या जातीत माणसाने आकाराशी खेळ केला नाही, तिच्यातही आनुवंशिक आजार असू शकतात, हे डाल्मेशियनने दाखवलेच आहे.

जातीचे आणखी एक समर्थन असते, स्वभावाचे. ‘लॅब असतो शांत, जर्मन शेफर्ड असतो इमानी.’ २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. एका कुत्र्याच्या वागण्यात दुसऱ्यापेक्षा जो फरक दिसतो, त्यातला सरासरी अवघा नऊ टक्के भाग जातीने स्पष्ट होतो, असे त्यात आढळले. बाकी त्याचे स्वतःचे जनुक, आईजवळ घालवलेले दिवस, शिकवण आणि घरातली माणसे. घराणे पाहून सून आणली तरी संसार माणसांनीच करायचा असतो, तसेच हे.

बाजार आणि कागद

खरेदी करताना लोक विचारतात, ‘कागद आहेत का?’ केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. खुब्याचे एक्स-रे, हृदयाची तपासणी, श्वासाची चाचणी यांबद्दल क्वचितच कोणी विचारते, आणि विचारले तर विक्रेता दुसरे गिऱ्हाईक बघतो.

कायदा नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ साली केंद्र सरकारने श्वानप्रजनन आणि विक्रीचे नियम केले. कुत्रे निपजवणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्ले घ्यायची नाहीत. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. नियम चांगले आहेत. पण समाजमाध्यमांवरची कोणतीही पाच मिनिटांची शोधाशोध करा, तीस-पस्तीस दिवसांची पिल्ले, ‘ओरिजनल ब्रीड, होम डिलिव्हरी’ अशा ओळींखाली उघड विकली जात आहेत. पिल्लू गोंडस दिसते म्हणून ते लवकर विकायचे. त्याची आई कुठे आहे, तिचे हे कितवे वेत आहे, हे फोटोत दिसत नाही. माणसात दोन बाळंतपणांत अंतर ठेवा म्हणून आम्ही भिंती रंगवल्या. या आयांसाठी कोणती भिंत आहे?

इथे आमच्या इंजेक्शनच्या खोलीचा संबंध येतो. ‘डॉक्टर, रस्त्यावरचा नाही हो, घरचाच आहे. चांगल्या ब्रीडचा. त्याला कसला रेबीज?’ हे वाक्य ऐकले नसेल असा सरकारी डॉक्टर विरळा. रेबीजचा विषाणू वंशावळ वाचत नाही. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांचे विकत आणलेले पिल्लू त्या लसीच्या संरक्षणाशिवायच घरात खेळत असते, दात शिवशिवतात म्हणून मुलांचे हात चावत असते. ते कोणत्या कुत्र्यांच्या संगतीत वाढले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. तेव्हा कोणत्याही कुत्र्याने चावले किंवा ओरखडून रक्त काढले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी रुग्णालयात या. लस त्या दिवशी सुरू होते, पुढचे डोस ठरलेल्या तारखांना घ्यावेच लागतात. जखम खोल असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण लक्ष ठेवतो म्हणून उपचार थांबवायचे नसतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

बाजाराचे दुसरे टोक म्हणजे टाकून दिलेले कुत्रे. हौस फिटली, बदली झाली, सोसायटीने तक्रार केली, दवाखान्याचा खर्च झेपेना, की रात्री गाडीतून नेऊन महामार्गालगत सोडायचे. गावठी कुत्रा कसाबसा तरतो. श्वासाला मोताद झालेला पग रस्त्यावर किती दिवस काढणार? हजारो रुपये मोजून आणलेल्या जिवाचा शेवट असा होत असेल, तर विकत घेणाऱ्याची जबाबदारी पावती फाडल्यावर संपत नाही.

करता येण्याजोगे

इतर देश हलू लागले आहेत. नेदरलँड्सने २०१९ पासून नाकाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशाहून कमी असलेल्या कुत्र्यांपासून पिल्ले घेण्यास मनाई केली. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल या जातीचे प्रजनन हृदयाच्या आणि मेंदूच्या आजारांमुळे प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवले, पण सुधारणेसाठी बाहेरचे रक्त आणण्याची वाट मोकळी ठेवली. ब्रिटनमध्ये २०१९ पासून पग आणि बुलडॉगसाठी एक साधी चाचणी आहे. कुत्र्याला तीन मिनिटे वेगाने चालवायचे, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने श्वास ऐकायचा आणि श्रेणी द्यायची. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी हे होऊ शकते.

सगळ्या जातींवर सरसकट बंदी घालावी, असे मला वाटत नाही. बंदीने बाजार अंधारात जातो आणि मादीचे हाल वाढतात. मागण्या साध्या आहेत. २०१७ चे नियम कागदावरून खाली उतरावेत. नोंदणी क्रमांकाशिवाय पिल्लाची जाहिरातच करता येऊ नये. अतिचपट्या नाकाच्या कुत्र्यांपासून पिल्ले घेण्याआधी श्वासाची चाचणी सक्तीची व्हावी. प्रदर्शनांत परीक्षकांनी धाप लागलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पदक घालू नये. आणि जाहिरातदारांनी साबणापासून विम्यापर्यंत प्रत्येक गोष्ट विकायला हाच चेहरा वापरणे थांबवावे.

आपल्या मातीतल्या कुत्र्यांचा विचार व्हायला हरकत नाही. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान, आता कर्नाटकात आहे. तिथला लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा शिकारी कुत्रा आपल्याकडे कारवानी म्हणून ओळखला जातो. टपाल खात्याने २००५ साली ज्या चार भारतीय जातींवर तिकिटे काढली, त्यात तो होता. हवामान त्याच्या अंगवळणी पडलेले, नाक शाबूत, अंगावर केस कमी. मात्र त्याला मोकळे रान लागते, दोन खोल्यांत तो गुदमरतो. आणि ‘स्वदेशी’ म्हणून त्याचीही फॅशन झाली, चार विजेत्या नरांपासूनच सगळी पिल्ले निपजू लागली, तर वीस वर्षांनी हाच लेख कारवानीवर लिहावा लागेल.

ज्याला फक्त सोबत हवी आहे, त्याच्या गल्लीतच उत्तर आहे. नामदेवांची पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कोरडी पोळी त्याला बाधेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कुत्रा कोणत्या जातीचा होता, हे त्या गोष्टीत कोणी विचारलेले नाही. गावठी पिल्लू आणावे, त्याला लसी द्याव्यात, नसबंदी करून घ्यावी. तो लॅबइतकाच जीव लावतो.

तरीही जातिवंतच हवा असेल, तर पैसे देण्याआधी पिल्लाची आई स्वतः पाहा, ती राहते त्या जागेसह. ती धापा टाकते का, नाकपुड्या उघड्या आहेत का, हे बघा. तिचे कितवे वेत आहे ते विचारा. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले नसेल तर थांबा. नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर घरी परता. तुमची हौस दोन महिने लांबली तर बिघडत नाही.

आणि ज्यांच्या घरात पग आधीच आहे, त्यांनी हे वाचून अपराधी वाटून घेऊ नये. त्या बिचाऱ्याने नाक मागून घेतलेले नाही. त्याचे वजन वाढू देऊ नका, कारण चरबीचा प्रत्येक थर श्वासाची वाट आणखी आवळतो. गळ्याला पट्टा नको, छातीवरून येणारा हार्नेस वापरा. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतरच फिरवा. जीभ निळसर दिसली, चालता चालता बसला किंवा झोपेत श्वास अडून दचकला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. अरुंद नाकपुड्या आणि लांबलेला टाळू यांवर शस्त्रक्रिया होते आणि योग्य वयात केली तर अनेक कुत्र्यांना आराम पडतो. पुढच्या वेळी तो घोरला, की मोबाइल बाजूला ठेवून मिनिटभर त्याच्या छातीकडे पाहा. श्वासासाठी बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर त्या झोपेत विश्रांती नाही, कष्ट आहेत.